उणे अठरा

१

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी, संध्याकाळी पावणेसहाला, मानसी रेगे चहाचे दोन कप घेऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली आली. मुलुंडच्या त्या औद्योगिक वसाहतीत रविवारी चिटपाखरू नसतं. 'तिठा सिस्टिम्स'च्या इमारतीत दुपारी दोननंतर दोनच माणसं उरली होती, ती आणि कंपनीचे मालक यज्ञेश चित्रे. गेटवर धाकू वॉचमन होता, पण बाजूच्या मैदानात क्रिकेटच्या सामन्याचा लाउडस्पीकर असा कोकलत होता की त्याला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता.

तळमजल्याच्या टोकाला दहा बाय बाराची एक खोली होती. तिला सगळे थंड खोली म्हणत. तिथे एका पोलादी पेटीत नायट्रोजन सोडून चिप गारठवायची आणि कितपत थंडी सोसते ते बघायचं. खोलीत दमट हवा शिरू नये म्हणून दार लावूनच काम करावं लागे.

मानसीने कोपराने दार ढकललं. चित्रे सर पेटीसमोर पालथे पडले होते. चष्मा एका बाजूला, पेन दुसऱ्या बाजूला.

तिने कप खाली टाकले, त्यांना उताणं केलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. अँब्युलन्स येईपर्यंत पंधरा मिनिटं ती दाबत होती. काही उपयोग झाला नाही. एकसष्ट वर्षांचा तो माणूस केव्हाच गेला होता.

पहिले दोन आठवडे सगळे हार्ट अटॅकच म्हणत होते. मग डॉक्टरांचा अहवाल आला. हृदय ठणठणीत होतं. मृत्यू प्राणवायू न मिळाल्याने झाला होता.

त्यानंतर दोन दिवसांनी, बुधवारी सकाळी, मालाडला इरावती टिपणीस यांच्या दाराची बेल वाजली. दारात कृष्णाबाई वैती उभी होती. ही मनोरीची कोळीण बावीस वर्षं मालाडच्या बाजारात इरावतीला मासळी देत होती, पण घरी ती कधी आली नव्हती. आज तिच्या डोक्यावर टोपली नव्हती.

"ताई, मुलुंडच्या कंपनीत लागलेल्या माझ्या पोराला, हितेसला, पोलीस नेतात आता," ती म्हणाली. "त्याच्या हातून सायेब मेला म्हनतात. आनि पोर माझा नाय पन म्हनत नाय. ताई, तोच म्हनतो, मी मारला असंल."

२

इरावती टिपणीस पोलीस खात्यातली नव्हती. तिची पस्तीस वर्षं पेटंट कार्यालयात गेली होती. माणूस अर्ज घेऊन येतो आणि म्हणतो, हे मी शोधलं. मग आपण शोधायचं की हे कोणाला आधी ठाऊक होतं, कधीपासून, आणि ठाऊक असल्याचा पुरावा काय. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तिच्या डोक्याला ती खोड लागलेली होतीच.

यज्ञेश चित्रेंचे पहिले दोन अर्ज तिनेच फेटाळले होते.

दुसऱ्या वेळी तो तिच्या टेबलासमोर येऊन तासभर भांडला. नंतर हसला आणि म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. मी आळस केला." तेव्हापासूनची ओळख. खेड्यापाड्यात फोन पोचवणारी एक्स्चेंज बनवण्यात त्याचं तरुणपण गेलं. मग कॅलिफोर्नियात अकरा वर्षं दुसऱ्यांसाठी चिप आखल्या. परत आला तो मुलुंडला एक गाळा घेऊन बसला. तो स्विच बनवायचा. फोन असो, संगणक असो, रुग्णाच्या छातीला लावलेलं यंत्र असो, त्यातून निघालेला प्रत्येक संदेश कुठल्या वाटेने जायचा हे ठरवणारी पेटी म्हणजे स्विच. आतली चिप मात्र बाहेरून यायची, आणि ते त्याला सलायचं. बारा वर्षं खर्ची घालून त्याने स्वतःची चिप केली. पहिली जन्मतःच मेली. दुसरी तापून वितळली. तिसरी चालली. नाव ठेवलं तिठा, तीन वाटा मिळतात ती जागा.

यंदाच्या जुलैपासून ती चिप घातलेले चारशे बारा स्विच हिमालयातल्या तितक्याच लहान लहान रुग्णालयांत बसले होते.

बुधवारी दुपारी इरावती मुलुंडला यज्ञेशच्या बायकोकडे, शुभाकडे गेली. शुभा शाळेत मराठी शिकवायची. तेरावा होऊन गेला होता. घर आवरलेलं होतं, जरा जास्तच आवरलेलं.

"इरा, तो पोरगा तसा नाही गं," शुभा म्हणाली. "हितेशने यांच्यासाठी जीव दिला असता. पण इन्स्पेक्टर गावंड म्हणतात निष्काळजीपणा तो निष्काळजीपणाच."

"यज्ञेश रविवारी तिथे काय करत होता?"

"काय ते सांगितलं नाही. दोन-तीन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. शनिवारी विक्रीवाल्या विशालशी फोनवर मोठमोठ्याने बोलले. डिसेंबरात आणखी माल जायचा होता, तो थांबव म्हणत होते." तिने कपाटातून एक कागद काढला. "त्यांच्या वहीतल्या शेवटच्या पानाची ही झेरॉक्स. अक्षर ओळखा म्हणून इन्स्पेक्टरांनी दिली. मूळ वही पोलिसांकडे सीलबंद आहे."

पानावर यज्ञेशचं बारीक अक्षर होतं. एकच ओळ. *४.१०. उणे १८ ला थांबली. पुन्हा तेच.*

"शुभा, हे अजून कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही. कळतंय कोणाला त्यातलं?"

"निहारला?"

निहार राजाध्यक्ष म्हणजे यज्ञेशच्या पहिल्या भागीदाराचा मुलगा. बाप लवकर गेला. निहारचं शिक्षण चित्रेंनीच केलं. आज कंपनीचं सॉफ्टवेअर आणि चाचण्या तोच बघायचा. चित्रेंना मूलबाळ नव्हतं.

"त्याला कशाला त्रास देऊ?" शुभा म्हणाली. "अग्नी त्यानेच दिला. त्या दिवसापासून नीट झोपलेला नाही तो."

इरावतीने झेरॉक्स पर्समध्ये ठेवली. "मग आता मी विचारेपर्यंत कोणालाच दाखवू नकोस. निहारलासुद्धा."

३

हितेश वैती एकतीस वर्षांचा होता आणि तिठाच्या थंड खोलीचं काम बघायचा. मनोरीच्या शाळेतून डिप्लोमापर्यंत गेलेला त्यांच्या आळीतला पहिला मुलगा. गुरुवारी सकाळी तो मुलुंडच्या पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर बसला होता. रोज बोलावत आणि दिवसभर बसवून ठेवत. शेजारी कृष्णाबाई डबा घेऊन बसली होती.

"त्या दिवशी माझ्या बहिणीचा, दिपालीचा साखरपुडा होता," तो म्हणाला. "सर म्हणाले, सगळं मांडून दे आणि दोनला निघ. मी गॅस जोडला, पंखा लावला, प्राणवायू कमी झाला की वाजतो तो अलार्म बघितला. हिरवा होता. मग निघालो."

"पंखा चालू होता?"

"ताई, रोज निघताना मी खोलीचा पंखा बंद करतो. हाताला सवय झालीय. डॉक्टरांचा अहवाल आल्यापासून तेच आठवतोय. बोट बटणावर गेलं का नाय गेलं? पेटीतून निघालेला नायट्रोजन त्या पंख्यानेच बाहेर जातो. पंखा नसेल तर अर्ध्या तासात खोलीत श्वास घ्यायला काही उरत नाय. वास नाय, ठसका नाय. माणूस नुसता झोपतो." त्याने मान खाली घातली. "मीच बंद केला असणार."

"आणि अलार्म?"

"दर महिन्याला तपासायचा असतो. दिवाळीच्या गडबडीत मी न तपासताच सही केली. ते मी पोलिसांना सांगून टाकलं."

इन्स्पेक्टर कुंडलिक गावंड वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि समोर स्वतःच गुन्हा कबूल करणारा आरोपी.

"मॅडम, साधं आहे," तो म्हणाला. "पोराने पंखा बंद केला. अलार्म वाजला नसेल, नाहीतर वाजला आणि म्हाताऱ्याला ऐकू गेला नाही. त्यांचा डावा कान गेलेलाच होता."

"पण मानसी आत गेली तेव्हा पंखा चालू होता ना?"

"ती म्हणते तसं. घाबरलेली होती. आत शिरताना तिनेच बटण दाबलं असेल, आता आठवत नाही."

"गावंडसाहेब, मी बारा वर्षं गॅसच्या यंत्रांचे अर्ज तपासलेत," इरावती शांतपणे म्हणाली. "ज्या खोलीत माणूस मेलाय तिथे दुसरा शिरला, तर दोन-तीन श्वासांत त्याचे पाय जातात. पंखा लावला तरी हवा साफ व्हायला वीस मिनिटं लागतात. ती मुलगी तिथे पंधरा मिनिटं छाती दाबत होती. दमत होती, जोरजोरात श्वास घेत होती. आणि तिला साधी चक्करही आली नाही."

गावंडचा हात फाइलवरच राहिला.

"हितेशने पंखा बंद ठेवला असता तर तुम्हाला दोन प्रेतं मिळाली असती. मानसी दार उघडण्याच्या बऱ्याच आधी पंखा चालू झाला होता. हितेश तेव्हा मनोरीला शंभर पाहुण्यांत होता. यज्ञेश मेलेला होता. मग पंखा लावला कोणी?"

४

पंखा कोणी लावला, हा प्रश्न मानसीनेही आधीच डोक्यात घोळवला असावा. दुपारी कंपनीत इरावतीने प्रश्न पुरा करायच्या आत ती उठली आणि तिला तळमजल्यावरच्या एका अरुंद खोलीत घेऊन गेली. तिथे एका रॅकमध्ये कंपनीचाच एक स्विच हिरवे दिवे लुकलुकवत बसला होता. थंड खोलीला पोलिसांचं सील होतं, पण तिथला पंखा अजून घरघरत होता.

"सरांचा हट्ट," मानसी म्हणाली. "या इमारतीतलं सगळं आपल्या स्विचवर चाललं पाहिजे. पंखा आणि अलार्म, दोघांनाही वीज आणि हुकूम या तारांमधून मिळतो. भिंतीवरचं बटण चालूच असलं, तरी तारा खोचलेली ही दोन भोकं इथून बंद केली की पंखा थांबतो आणि अलार्म मरतो. परत सुरू केली की पंखा चालू, अलार्मचा दिवा हिरवा. कोणाला पत्ताही लागत नाही."

"इथे येऊन बंद करायला लागतं?"

"नाही. पासवर्ड असेल तर जगात कुठूनही."

"आणि पासवर्ड कोणाकोणाकडे?"

"सर. मी. निहार. विशाल मोकाशींकडे नाही. ते विक्री बघतात, त्यांना स्वतःचा लॅपटॉप उघडता आला तरी पुष्कळ. शिवाय त्या दुपारी ते बंगळुरूच्या विमानात होते."

स्विचमध्ये जे काही घडतं त्याची नोंद एका सर्व्हरवर आपोआप होत असे. मानसीने त्या रविवारची नोंद उघडून दाखवली. पंखा बंद झाल्याचा उल्लेख नव्हता, सुरू झाल्याचाही नव्हता. सगळं सुरळीत.

"म्हणजे काही झालंच नाही?" इरावतीने विचारलं.

"किंवा झालेलं कोणीतरी पुसलं." मानसीने खणातून एक आखूड केबल काढली. "मॅडम, चिप मी आणि सरांनी आखली. त्यांना एक जुनी सवय होती. चिपच्या पोटात मोजणी करणारे काही कप्पे ठेवायचे, जे कुठलंच सॉफ्टवेअर वाचत नाही. प्रत्येक भोकातून वीज कधीपासून सलग चालू आहे, ते एक कप्पा मोजतो. मशीन बिघडलं तर खोटं बोलणार नाही असा एक साक्षीदार पाहिजे, असं म्हणायचे. हे आम्हा दोघांनाच ठाऊक. वाचायचं तर ही केबल थेट चिपला लावावी लागते."

तिने केबल लावली. लॅपटॉपवर आकड्यांची रांग उमटली. बहुतेक भोकांपुढे एकच आकडा होता, दोनशे सहा दिवस. दोन भोकांपुढे मात्र वेगळा. सतरा दिवस, बावीस तास.

इरावतीने घड्याळ बघितलं. गुरुवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. तिने बोटांवर मागे मोजलं आणि पोचली त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांवर.

मानसी चहा घेऊन खाली येण्याच्या पस्तीस मिनिटं आधी.

"मॅडम," मानसी केबल काढत म्हणाली, "पासवर्ड तिघांकडे. एक गेले. म्हणजे मी नाहीतर निहार."

"हो," इरावती म्हणाली.

५

विशाल मोकाशी भडभड बोलणारा माणूस. "भांडलो ना, कशाला खोटं बोलू? सर अचानक म्हणतात डिसेंबरचा माल थांबव. मी म्हटलं, सर, का? तर म्हणे सोमवारी सांगतो. यार, गिऱ्हाइकाला मी काय तोंड दाखवणार? पण त्यांना काही होऊ दे असं माझ्या स्वप्नात नाही."

"थंडीची चाचणी झाली होती ना चिपची?"

"म्हणजे काय! जूनमध्ये. उणे चाळीसला अठ्ठेचाळीस तास. झकास रिपोर्ट आहे, निहारची सही आहे."

इरावतीने रिपोर्ट वाचला. पेटंट कार्यालयात तिने असे हजारो वाचले होते. खऱ्या चाचणीचे आकडे जरा ओबडधोबड असतात. कुठे सेन्सर अडखळतो, कुठे वीज जाते. इथे अठ्ठेचाळीस तासांचे आकडे इस्त्री केल्यासारखे सरळ होते. तारखा होत्या दहा ते बारा जून.

तिने तिथूनच हितेशला फोन लावला.

"जूनमध्ये?" तो म्हणाला. "जूनमध्ये नायट्रोजनची गाडी आलीच नाय, ताई. सात तारखेला माझे वडील वारले, मी महिनाभर मनोरीला होतो. टाकीला दुसरं कोण हात लावत नाय."

निहार राजाध्यक्ष दुसऱ्या मजल्यावर काचेच्या केबिनमध्ये बसला होता. अडतीस वर्षांचा, देखणा. डोळ्यांखाली काळं आलेलं. इरावती आत आली तसा उठून उभा राहिला.

"बसा ना मॅडम. शुभाकाकू म्हणाली तुम्ही येणार म्हणून. हितेशसाठी चाललंय ना हे? बिचारा. मीही वकिलाशी बोललोय."

"तू त्या रविवारी कुठे होतास?"

"बोरिवलीला, घरी. सहाला मानसीचा फोन आला, तेव्हा कळलं."

"त्याआधी यज्ञेशशी काही बोलणं?"

"शुक्रवारी ऑफिसात शेवटचं. नंतर नाहीच." त्याने कपाळ चोळलं. "तेच लागून राहिलंय."

"तो रविवारी काय तपासत होता, तुला कल्पना आहे?"

"नाही. काकांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. त्या खोलीतला संगणक त्यांनी मुद्दाम नेटवर्कला जोडलेला नव्हता."

"जूनचा रिपोर्ट मी बघितला. उणे चाळीस म्हणजे जबरदस्त."

निहारने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "मॅडम, रिपोर्ट आणि प्रत्यक्ष यात थोडं इकडेतिकडे होतंच. काकांची पिढी हळवी. एखादा नग उणे अठराला अडखळला म्हणून कोणी बारा वर्षांचं काम विहिरीत ढकलत नाही. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येतं."

इरावतीने वहीत काहीच लिहिलं नाही. वही मिटून ती उठली. जिना उतरतानाच तिने गावंडला फोन लावला.

६

शुक्रवारी सकाळी अकराला शुभाच्या दिवाणखान्यात पाच माणसं बसली होती. शुभा, मानसी, विशाल, निहार आणि साध्या कपड्यांतला गावंड. इरावती उभी होती.

"मला फार वेळ लागणार नाही," ती म्हणाली. "यज्ञेशला कोणी हात लावला नाही. तो खोलीत काम करत असताना कोणीतरी दुरून पंखा थांबवला आणि अलार्म मारला. पेटीच्या मोटरच्या आवाजात, अधू कानाने, पंखा थांबल्याचं त्याला कळलं नाही. तो गेल्यावर पाच वाजून दहा मिनिटांनी दोन्ही परत सुरू केले. पस्तीस मिनिटांत हवा साफ झाली. म्हणून मानसी जगली, आणि म्हणून हितेश निर्दोष आहे."

तिने आकड्यांचा कागद गावंडपुढे ठेवला.

"सर्व्हरवरची नोंद पुसलेली आहे. पुसणाऱ्याला वाटलं, झालं. पण चिपने स्वतःच्या पोटात वेळ मोजून ठेवली होती."

"हे करायला पासवर्ड लागतो," निहार म्हणाला. त्याचा आवाज अगदी सरळ होता. "तो मानसीकडेही आहे. आणि त्या दुपारी इमारतीत ती होती. मी नव्हतो."

"बरोबर. म्हणून मी तिचा विचार आधी केला. पण हा मोजणीचा कप्पा आहे, हे आज जिवंत असलेल्या माणसांपैकी फक्त मानसीला माहीत होतं. तिने गुन्हा केला असता तर एक केबल लावून दोन मिनिटांत तो आकडा पुसला असता. तिच्याजवळ सतरा दिवस होते. उलट तिनेच मला तो दाखवला."

मानसी डोळे पुसत होती. निहार तिच्याकडे बघत नव्हता.

"आता कारण. जूनची चाचणी झालीच नाही. गॅस नव्हता, गॅस लावणारा माणूस नव्हता. रिपोर्ट टेबलावर बसून लिहिला होता. यज्ञेशला संशय आला आणि तो स्वतः करून बघायला गेला. चार वाजून दहा मिनिटांनी, दुसऱ्या खेपेला, त्याची खात्री पटली की चिप उणे अठराला थांबते. त्याने ते वहीत लिहिलं. ती वही पोलिसांनी सील केली. तो आकडा बघितला मी, शुभाने आणि गावंडसाहेबांनी." ती निहारकडे वळली. "काल तू मला म्हणालास, शुक्रवारनंतर काकांशी बोललो नाही, ते काय तपासत होते माहीत नाही. आणि पाच मिनिटांनी म्हणालास, उणे अठराला अडखळली म्हणून काम विहिरीत ढकलत नाहीत. चाचणी पहिल्यांदा झाली त्या रविवारी. मग हा आकडा तुला कोणी सांगितला, निहार?"

खाली भाजीवाल्याची हाक ऐकू आली.

"अंदाज," निहार म्हणाला.

"शून्य नाही, वीस नाही. अठरा?"

शुभा उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"त्यांनी तुला फोन केला होता का रे?" तिने विचारलं. "खरं सांग. मला एवढंच सांग."

तो बोलला, तेव्हा फक्त तिच्याशी बोलला.

"ऑफिसच्या फोनवरून केला. ओरडले नाहीत, काकू. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, निहार, उणे अठराला गेली रे. तू ही चाचणी केलीच नव्हतीस ना? सोमवारी मी सगळ्या रुग्णालयांना कळवणार. सगळे स्विच परत आणायचे. मी म्हटलं, काका, तारीख टळत होती, नंतर करणारच होतो. ते म्हणाले, थंडीत एखाद्या रुग्णाचं मशीन गप्प झालं तर त्याला काय सांगशील?"

"मग?"

"मी म्हटलं, एकदा परत करून बघा. एखादा नग खराब असेल. परत गारठवायला तास लागतो. ते म्हणाले, ठीक आहे, तुझ्यासाठी करतो. आणि आत गेले."

गावंडने उठून निहारच्या खांद्यावर हात ठेवला.

७

हितेशला त्याच दिवशी संध्याकाळी सोडलं. कृष्णाबाईने इरावतीचे हात घट्ट धरले. हितेश म्हणाला, तो त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकणार नाही. महिन्याच्या तपासणीची ती खोटी सही त्याच्या मनातून जात नव्हती. त्या सहीने काही झालं नाही, अलार्म चांगलाच होता, हे इरावतीने त्याला दोनदा समजावलं. त्याने मान डोलावली, पण ते त्याला पटलं नसावं.

शनिवारी सकाळी इरावती परत मुलुंडला गेली तेव्हा शुभाच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. विशाल डोकं धरून बसला होता.

"काकू, हे पत्र गेलं की कंपनी संपली," तो म्हणत होता. "वाट लागली समजा. सरांचं नाव, बारा वर्षं, सगळं. एक महिना थांबू. मानसी काहीतरी दुरुस्ती काढेल."

"किती लागेल गं?" शुभाने मानसीला विचारलं.

"चिप परत घडवायला वर्ष. कमीत कमी." मानसीने वर बघितलं नाही. "आणि वरच्या चार गावांत परवा उणे बारा होतं."

शुभाने पत्र पुन्हा एकदा वाचलं. शिक्षिकेच्या सवयीने एका ठिकाणी तिने 'त्रुटी आढळून आली आहे' खोडलं आणि वर लिहिलं, 'चूक आमची आहे'. मग खाली सही केली.

"इरा," ती म्हणाली, "अग्नी त्याने दिला. त्याच्या हातून पाणी सोडलं. आता त्याचं काय करू मी? कोणाला विचारू?"

इरावतीने शुभाच्या खांद्यावर हात ठेवला.

थोड्या वेळाने शुभाने चारशे बारा रुग्णालयांची यादी ओढून घेतली. पत्र पोचायला आठवडा लागेल आणि तिथे थंडी रोज उतरत होती. तिने यादीतला पहिला नंबर फिरवला. पलीकडे खूप वेळ घंटी वाजली. मग एका बाईचा घाईतला आवाज आला, मागे कुठलंतरी यंत्र टिकटिक करत होतं. तिठावाल्यांकडून फोन म्हटल्यावर तिकडून विचारलं, चित्रेसाहेब आहेत का?

"नाहीत," शुभा म्हणाली. "ते वारले. पण त्यांना तुम्हाला एक सांगायचं होतं, ते मी सांगते. तुमच्याकडे कागद-पेन आहे ना? लिहून घ्या."